तिसरं घर

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या पोर्चखाली आग्या मोहोळ लागलं. परातीएवढं पोळं. मधल्या सुट्टीत एका मुलीला चार-पाच माश्या चावल्या, डोळा सुजून बंद झाला. पालक येऊन भांडून गेले, आणि त्यांचं काय चुकलं? संध्याकाळी बैठक झाली, रात्री मशालीने जाळायचं ठरलं. त्या कागदावर बाकीच्यांबरोबर माझीही सही आहे.

सकाळी वर्गाच्या दारापर्यंत करपलेल्या माश्यांचा थर होता. शिपाईमामांनी दोन घमेली भरून नेली. मेणात पांढऱ्या अळ्या तशाच भाजलेल्या. कनेरगाव नाक्यावर हे नवं नाही म्हणा. लहानपणी आमच्याकडे शहद यायचा तोही असाच, रात्री जाळ करून, पोळं अळ्यांसकट बादलीत पिळून. अम्मी त्यात कलौंजी घालून खोकल्यावर द्यायची, आम्ही बिस्मिल्लाह म्हणून चाटायचो.

त्याच आठवड्यात माझी लेक मकतबमधून सूरह नहल शिकून आली. मधमाशीच्या नावाचीच ही सूरह, सोळावी. माशीने घर कुठे करावं हे तिच्यात सांगितलंय: डोंगरांत, झाडांत आणि माणसं जे उभारतात त्यात. लेकीने विचारलं, "अम्मी, मग आपली शाळा तिसऱ्यात येते ना?" मी तव्यावरची भाकरी उलटत राहिले.

तेव्हापासून या तिसऱ्या घराबद्दल मिळेल ते वाचत गेले. काश्मीरमध्ये जुन्या घरांच्या मातीच्या भिंतीतच माशीसाठी मडकं आडवं बसवत. बाहेरून माशीपुरतं भोक, मध काढायचं तोंड घराच्या आत. म्हणजे एका भिंतीआड दोन कुटुंबं! अमेरिकेत शेकर नावाचा साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ होता. त्यांच्या कँटरबरीच्या वस्तीत मधमाश्यांसाठी वेगळी इमारतच होती. तिकडच्याच लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या १८५१ साली एक गोष्ट लक्षात आली. चौकटींमध्ये साधारण एक सेंटिमीटरची फट ठेवली तर माशी ती मेणाने बुजवत नाही. मग चौकट उचलायची, मध काढायचा, पोळं परत ठेवायचं. जाळायचं कारणच उरलं नाही.

आपल्याकडे महाबळेश्वरला मधपेट्यांचं काम १९४६ पासून चालू आहे. १९६२ साली पुण्यात केंद्र सरकारची मधमाशी संशोधन संस्था निघाली, आणि महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं. गेल्या वर्षी मुलांची सहल तिकडे नेली. मुलांनी जांभळाचा मध चाखला. मी मात्र पेटीच काय ती उघडूनमिटून बघत होते. तिथल्या मधपाळाला विचारलं, अशी एक पेटी आमच्या शाळेत ठेवली तर?

तो हसला. "मॅडम, ही सातेरीसाठी. ती अंधाऱ्या ढोलीत ओळीने पोळी लावते, सात असतात म्हणून सातेरी. तुमची आग्या उघड्यावर एकच पोळं लावते. ती पेटीत राहत नाही."

हे मला आधी कळायला हवं होतं. इतक्या लोकांनी इतकी घरं बांधली, ती दुसऱ्याच माशीसाठी. आमच्या माशीला कडा नाहीतर उंच झाड लागतं. नाक्यावर कडा नाही, आणि रस्ता रुंद होताना मोठी झाडं गेली. उरली पाण्याची टाकी आणि आमचा पोर्च.

आग्याचा मधही न जाळता काढता येतो. पोळ्यात मध वरच्या कोपऱ्यात असतो, तेवढाच कापायचा, अळ्यांचा भाग लटकता ठेवायचा. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने मध काढणाऱ्यांना हे शिकवलंय. आमच्या तालुक्यात हे करणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

यंदा दिवाळीनंतर मोहोळ पुन्हा आलं, त्याच जागी. आग्या जुनी जागा विसरत नाही म्हणतात. बैठकीत मी बोलले, हात थरथरत होते. पोर्च बंद करून मुलांना मागच्या फाटकाने आणायचं ठरलं, धूर-अगरबत्ती बंद, दगड मारणाऱ्याच्या घरी चिठ्ठी. "कुणाला चावलं तर जबाबदार कोण?" असं एकांनी विचारलं. माझं नाव लिहा म्हटलं. त्यानंतर महिनाभर मधल्या सुट्टीत मला डबा गोड लागला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी ती उठून गेली. मागे फिकट, रिकामं पोळं राहिलं. शिपाईमामा बांबू घेऊन आले, "आता खरवडू का?" मुलं मागच्या फाटकातूनच येत होती, सवयीने.

राहू द्या म्हटलं.