ऑल्कॉट कुप्पमची मैफल

मुंबईहून चेन्नई मेलने निघाले की सोलापूर, वाडी, गुंतकल असे करीत चेन्नई गाठायला जवळपास एक दिवस लागतो. नोकरीच्या परीक्षेला, युनियनच्या अधिवेशनाला किंवा आजारी माणसाला घेऊन आपल्यापैकी अनेकांना तिकडे जावे लागते. माणूस मरिना बीच पाहतो आणि परतीची गाडी पकडतो. वाचकांपैकी कोणी गेलेच, तर त्यांनी अर्धा दिवस राखून बेझंट नगरला जावे. सिटी बस थेट जाते. बसच्या शेवटच्या थांब्यापासून समुद्र पायी गाठता येतो.

हा इलियट्स बीच. बुडणाऱ्यांना वाचवताना १९३० साली प्राण गमावलेल्या एका डॅनिश खलाशाचे स्मारक येथे वाळूत उभे आहे. संध्याकाळी भेळ-भजी, फुगे, कुटुंबे यांची गर्दी असते. किनाऱ्याने उत्तरेकडे अड्यार नदीच्या मुखाच्या दिशेने चालत गेले की बंगले आणि हॉटेले मागे पडतात. होड्या, जाळी, सुकट वाळत घातलेली, लहान लहान घरे दिसू लागतात. हा ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम. कुप्पम म्हणजे आपल्याकडचा कोळीवाडा. आणखी पुढे नदीवरचा मोडका पूल आहे. १९६७ साली बांधला, दहा वर्षांत तुटला आणि पुन्हा कोणी जोडला नाही.

नावात दडलेला इतिहास

या वाड्याच्या नावातले ऑल्कॉट म्हणजे कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट. धम्मबांधवांना हे नाव परके वाटू नये. या अमेरिकन गृहस्थाने १८८० साली श्रीलंकेत गॉल येथे पंचशील ग्रहण केले. आपण विहारावर जो पंचरंगी ध्वज लावतो, त्याचे रूप ठरवण्यात १८८५ साली त्यांचा हात होता. थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य ठाणे १८८२ पासून याच अड्यारला आहे. तेथेच त्यांनी १८९४ साली अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली. पंडित अयोतीदास हे तामिळ अस्पृश्यांचे पुढारी. त्यांनी १८९८ साली ऑल्कॉट यांच्या साहाय्याने श्रीलंकेला जाऊन बौद्ध दीक्षा घेतली आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

शेजारच्या बेझंट नगरला नाव आहे ॲनी बेझंट यांचे. त्यांनी १९०९ साली अस्पृश्यांची मुले इतर मुलांबरोबर एका वर्गात बसवण्याच्या विरोधात लेख लिहिला होता. ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात बाबासाहेबांनी त्या लेखाचा समाचार घेतला आहे. म्हणजे एका नावाची वस्ती शाळा उघडणाऱ्याची आणि दुसरी वर्ग वेगळा ठेवू पाहणारीची, आणि दोन्ही एकमेकींना लागून! पुढे या दोहोंमधली भिंत ओलांडण्याचा प्रयत्न झाला, तो गाण्याच्या मार्गाने.

सभेचे दार

मद्रासचा डिसेंबर म्हणजे मार्गळी महिना, संगीताचा हंगाम. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाबरोबर संगीत परिषद भरली, तिच्यातून म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि ही परंपरा वाढली. आज शहरात अनेक ‘सभा’ आहेत. सभा म्हणजे संगीत मंडळ आणि त्याचे सभागृह. तेथे रेशमी साड्या, चंदनाचे टिळे, कँटीनची कॉफी असा थाट असतो. काही कार्यक्रम फुकटही असतात. पण दार उघडे असले म्हणजे आत जाता येतेच असे नाही. व्यासपीठावर कोण, पहिल्या रांगेत कोण आणि गाणे कोणते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असेल तर कोळ्याचे पोर त्या दारात पाऊल कसे टाकणार? तिकीट लागत नाही, पण जात लागते.

या कोंडीवर २०१४-१५ च्या हंगामात गायक टी. एम. कृष्णा आणि पर्यावरण कार्यकर्ते नित्यानंद जयरामन यांनी कुप्पमच्या रहिवाशांबरोबर एक तोड काढली. मैफल सभेतून उचलून कोळीवाड्यात भरवायची. नाव ठेवले ‘ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम मार्गळी विळा’. विळा म्हणजे उत्सव. प्रवेश सर्वांना खुला. कारभार स्वयंसेवकांच्या हाती.

त्याआधी वस्तीतल्या लोकांनी आणि बाहेरून आलेल्या तरुणांनी मिळून कचरा उचलला. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत मंडप पडला. शहरातले रसिक आणि मासळी विकून आलेल्या बाया एका जागी बसून ऐकू लागल्या. कर्नाटक संगीत झाले, भरतनाट्यम झाले आणि त्याच मंचावर लोककलाही झाल्या. ज्या पालकांची मुले कुप्पममध्ये कधी गेली नव्हती, त्यांनी मुलांना घेऊन तेथे पाय ठेवला. माझ्या मते गाण्यापेक्षा हे मोठे.

दुसरी बाजू

आपल्या मनात जो प्रश्न येतो तो तिथेही विचारला गेला. उच्चवर्णीयांचे गाणे गरिबांच्या दारात नेऊन टाकले, म्हणजे ही समता झाली की दान झाले? कुप्पममधल्या लोकांना गाणे नव्हते काय? चेन्नईच्या वस्त्यांत ‘गाना’ नावाची गाणी पूर्वीपासून आहेत, कोणी वारले तर रात्रभर गायिली जातात. त्यांना सभेने कधी संगीत म्हटले नाही.

प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर पुढच्या वर्षांच्या कार्यक्रमांत शोधले गेले. गाणे एकाच दिशेने वाहू द्यायचे नाही असे ठरले. परै हे आपल्या हलगीच्या जातीचे चामड्याचे वाद्य. परैयर जातीचे नाव त्याच्याशी जोडलेले, आणि इंग्रजीत ‘बहिष्कृत’ या अर्थाने रूढ झालेला ‘परिया’ हा शब्द त्या जातीच्या नावावरून आला. ते परै मैलापूर भागातल्या सभागृहात वाजले. ज्या सभागृहात मृदंगाला मान, तेथे परैही दुमदुमला. सिटी बसमध्ये गाणे झाले. यल्लम्माला वाहिलेल्या जोगप्पांनी कृष्णा यांच्याबरोबर गायन केले. जोगते-जोगतिणी आपल्याकडच्या सांगली-कोल्हापूरच्या लोकांनाही ठाऊक आहेत. त्यांना गायक म्हणून शेजारी बसवून घेणे ही लहान गोष्ट नव्हे.

मृदंगाला मान असे म्हटले, पण तो बनवतो कोण? गायीचे, म्हशीचे, बकरीचे कातडे कमावून मृदंग तयार करणारे कारागीर बहुतेक दलित ख्रिस्ती आहेत. वाजवणारा व्यासपीठावर, बनवणारा दाराबाहेर. कृष्णा यांनी या कारागिरांवर ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. २०२० साली त्याच्या प्रकाशनासाठी दिलेली परवानगी कलाक्षेत्र या नामांकित संस्थेने ऐन वेळी मागे घेतली. कार्यक्रम दुसरीकडे घ्यावा लागला. कातडे चालते, कातड्याची गोष्ट चालत नाही!

२०१६ साली कृष्णा यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीचे दुसरे भारतीय मानकरी होते मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध लढणारे बेझवाडा विल्सन. ही जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी.

पोरंबोक्कु

तामिळमध्ये पोरंबोक्कु म्हणजे कोणाच्याही मालकीची नसलेली, गावाच्या सामाईक वापराची जमीन : तळे, खाडी, वाळू, चराई. आपल्याकडे गायरान असते तसे. पुढे हा शब्द ‘बिनकामाचा माणूस’ अशी शिवी झाला. जानेवारी २०१७ मध्ये कृष्णा यांनी ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे गाणे गायिले. शब्द कबेर वासुकी यांचे, तामिळ अगदी रस्त्यावरचे, पण राग कर्नाटकी. वीज केंद्रांच्या राखेने भरत चाललेली एन्नोरची खाडी हा त्याचा विषय. कोळ्याच्या दृष्टीने खाडी म्हणजे पोट. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात ज्यांचे आई-वडील तुरुंगात गेले, त्यांना हे गाणे समजावून सांगावे लागणार नाही.

२०१८ साली उत्सवाचे नाव ‘चेन्नई कलै तेरु विळा’ झाले आणि तो एका कुप्पमपुरता राहिला नाही. त्याच वर्षी ६ जानेवारीला चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद चेन्नईत प्रथम उभा राहिला. गाना गाणारी वस्तीतली मुले त्यात होती. २०२० च्या डिसेंबरात रंजित यांच्याच नीलम संस्थेने मार्गळी महिन्यात लोकसंगीताचा वेगळा महोत्सव सुरू केला. हा मंच कोणी नेऊन दिलेला नव्हता, तो त्यांनी स्वतः बांधला. कुप्पमच्या उत्सवाने दोन समाज एकत्र बसवले. रंजित यांच्या मंडळींनी सांगितले की आमचे गाणे आम्हीच मांडू. दोन्ही हवेच, पण दुसऱ्याशिवाय पहिले अपुरे आहे.

आपल्या मंडळांसाठी

गाण्याने समाज जागा करणे आपल्याला नवे नाही. भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. वामनदादा कर्डक खेडोपाडी गायिले. तेव्हा बिदागी नव्हती, मुक्काम कुणाच्या तरी घरी आणि जेवण भाकरीचे. आता जयंतीला बऱ्याच ठिकाणी वर्गणीचा मोठा भाग डीजे खाऊन टाकतो. वस्तीतली हलगी वाजवणारी मुले, गायन पार्टीतल्या बाया बाजूला उभ्या राहून ऐकतात.

यंदा प्रत्येक मंडळाने एवढेच करावे. एक संध्याकाळ डीजे बंद ठेवावा. सकाळी सर्वांनी मिळून गल्ली झाडावी, सतरंज्या घालाव्यात, एक माईक लावावा आणि वस्तीतल्याच गायकाला प्रथम बोलवावे. शेजारच्या कॉलनीतल्या लोकांना घरी जाऊन आमंत्रण द्यावे. ते येतील किंवा येणार नाहीत. पण वर्षभराने त्यांच्या सभागृहात आपली हलगी वाजवायची मागणी करायला आपल्याला तोंड राहील.