करंडकाची ओळख

माणूस ओळखायला एक नजर पुरते, असे आपल्याला वाटते. पण आजोबांच्या लहानपणीचा फोटो हाती आला, तर ‘हा कोण?’ असे आपणच विचारतो. पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाला ओळखतानाही अशीच पंचाईत होते.

जुन्नरहून नाणेघाटाकडे जाताना जीवधन किल्ल्याजवळ घाटघर हे गाव लागते. पावसाळा सरल्यावर मी तिथल्या एका ओढ्यात उतरलो. दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने तो खरवडला आणि त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. होड्या, सुया, चंद्रकोरी! सगळे जणू काचेचे. हे होते डायटम. मराठीत त्यांना ‘करंडक वनस्पती’ म्हणतात. करंडा म्हणजे झाकणाची लहान डबी. डायटमचे सिलिकाचे कवचही तसेच असते. एक भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो.

शेजारी उभ्या असलेल्या गावातल्या मुलाने विचारले, ‘‘हे इथलेच, की बाहेरून आलेले?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर सोपे नव्हते. डायटमची पेशी दुभंगते, तेव्हा प्रत्येक नव्या पेशीला जुन्या डबीचा एक भाग मिळतो. दुसरा भाग त्याच्या आत बसेल असा तयार होतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या अनेक पेशी लहान होत जातात. लांबी अधिक घटते, रुंदी कमी. लांब होडी आखूड दिसू लागते. पुढे एक मोठी पेशी तयार होऊन मूळ माप परत येते. एकाच जातीची ही रूपे पाहून फसगत होते. म्हणून जाणकार अनेक पेशी मोजतात आणि कवचावरच्या रेघा किती दाट आहेत, तेही पाहतात.

ही खबरदारी का घ्यायची? 2004 मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील एका नदीत डिडिमोस्फेनिया हा परका डायटम सापडला. त्याच्या देठांचे ओल्या लोकरीसारखे थर दगडांवर पसरले. ओल्या बुटांतून आणि होड्यांतून तो इतर नद्यांत जाऊ शकतो. म्हणून तिथे मासे पकडणाऱ्यांच्या नमद्याच्या तळांच्या बुटांवर 2008 मध्ये बंदी आली.

आपल्याकडे 1950 च्या दशकात एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर परिसरातील डायटमची चित्रे काढून त्यांची वर्णने लिहिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सह्याद्रीतील डायटमचा अभ्यास होतो. युरोपातील पुस्तकांतल्या चित्रांशी जुळवून दिलेली नावे पुन्हा तपासावी लागतात, कारण दिसायला सारखे असलेले दोन डायटम एकाच जातीचे असतीलच असे नाही.

घरची माणसे ठाऊक असली, तरच परका चटकन ओळखू येतो. ओढ्यांचेही तसेच आहे. मुलांनो, एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात उतरण्यापूर्वी चपला धुऊन चांगल्या वाळवा. ओळख पटवणे जाणकारांचे काम. पण पाणी जपणे आपल्या सर्वांचे आहे.