पाठ, पत्नी आणि पाच हॉर्सपॉवर

ऑफिसात कोणी 'वीकेंडला काय करतोस?' असं विचारलं की मी आधी जरा थांबतो. मग अगदी सहज, जणू कोपऱ्यावर भाजी आणायला जातो अशा आवाजात सांगतो, 'सेलिंग'. समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच पांढरीशुभ्र यॉट, गॉगल, हातात थंड ग्लास वगैरे येतं. ते चित्र पुसायच्या भानगडीत मी पडत नाही. खरं चित्र असं आहे, की तिघा मित्रांनी वर्गणी काढून घेतलेली एक 24 फुटी सेकंडहँड शिडाची बोट गेटवेसमोर पाण्यात बांधलेली असते आणि तिच्या मागच्या टोकाला ओणवा होऊन मी 26 किलोची मोटर वर-खाली करत असतो.

आता तुम्ही म्हणाल, शिडाच्या बोटीला मोटर कशाला? साधा प्रश्न आहे, माझ्या आईनेही विचारला होता. वारा नसला की शीड म्हणजे वाळत घातलेली चादर. शिवाय गेटवेसमोर एलिफंटाच्या आणि मांडव्याच्या लाँचेस, नांगरलेल्या यॉट, मच्छीमारांच्या होड्या अशी दादर स्टेशनसारखी गर्दी असते. त्यात निव्वळ शिडावर बोट घुसवायला हिंमत लागते, किंवा इन्शुरन्स. म्हणून मागे पाच हॉर्सपॉवरची आउटबोर्ड लटकवायची. जाताना आणि येताना ती पाण्यात हवी. पण शीड उभारलं की ती बाहेर काढायलाच लागते. नाहीतर पाण्यात लोंबकळणारा पंखा बोटीचा वेग खातो, आणि आपलं खारं पाणी त्या अॅल्युमिनियमला खातं. थोडक्यात, एका फेरीत दोनदा खाली, दोनदा वर.

हे काम म्हणजे दोन वेगवेगळ्या हालचाली आहेत, हे मला कळायला अख्खा एक सीझन गेला. मोटर एका ब्रॅकेटवर असते आणि ते स्प्रिंगवालं ब्रॅकेट बोटीच्या मागच्या फळीवर सरकत वर-खाली होतं. शिवाय मोटर स्वतः बिजागरीसारखी तिरपी होते. खाली न्यायची तर आधी खटका सोडून ब्रॅकेट खाली, मग मोटर जराशी उचलून तिचा लॉक काढायचा आणि तिला सरळ पाण्यात सोडायची. वर घेताना सगळं उलट. स्प्रिंग नवी असेल तर निम्मं वजन तीच पेलते. आमची स्प्रिंग गंजून ठार झाली होती. म्हणजे 26 किलो, तेही कमरेत वाकून, हात लांब करून आणि हलत्या बोटीवर. जिममधला ट्रेनर बघेल तर शिट्टी फुंकेल.

एक गंमत सांगतो. ओले एव्हिनरूड नावाच्या अमेरिकन माणसाने 1909 च्या सुमारास बाजारात आणलेली आउटबोर्ड दीड हॉर्सपॉवरची होती आणि वजनाला साधारण 28 किलो. होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणायला तो तळ्यात वल्हं मारत गेला, येईपर्यंत ते वितळलं, आणि तिथून ही आयडिया सुचली असं सांगतात. शंभराहून जास्त वर्षांत ताकद तिप्पट झाली, पण उचलायचं वजन जवळपास तेवढंच राहिलं. प्रगतीने माणसाच्या पाठीचा विचार केलेला दिसत नाही.

तर पाठ. ऑक्टोबर 2023 मध्ये माझा एमआरआय झाला. एल-फोर, एल-फाइव्ह. दिवसाचे दहा तास खुर्चीत केळ्यासारखं वाकून बसलं की जे होतं तेच. डॉक्टर म्हणाले, 'पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.' बायकोने केबिनमध्येच विचारलं, 'आणि बोटीची मोटर?' मी लगेच म्हटलं, 'ती बावा उचलतो.'

बावा म्हणजे आमचा पारशी पार्टनर. त्याचं खरं नाव आता त्यालाही आठवत नसेल. बावा मोटर उचलत नाही. बावा सुकाणू धरतो आणि जोक मारतो. तिसरा मित्र शिडाच्या दोऱ्या बघतो. मोटर माझी होती. का ते सांगणं अवघड आहे. पोहण्यात मी ढ, वाऱ्याचा अंदाज बावाचा, गाठी तिसऱ्याला येतात. मला येते ती एवढी एकच गोष्ट. ती सोडली असती तर मी बोटीवर सँडविच वाटणारा माणूस उरलो असतो. म्हणून पेनकिलर घ्यायचो, शर्टाच्या आत पट्टा बांधायचो आणि उचलायचो. घरी विचारणा झाली की, 'बावाने उचलली.' माझी बायको ऑडिटमध्ये आहे. तिच्याशी खोटं बोलणं हे खरं तर मोटरपेक्षा जड काम.

27 जानेवारी 2024, शनिवार. प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला लाँग वीकेंड. तिसरा मित्र गावी गेलेला, म्हणून बायको पहिल्यांदा बोटीवर आली. दुपारचा खारा वारा सॉलिड होता. ती खूश, मी त्याहून खूश. आणि बावाने, बिचाऱ्याने कौतुकानेच, सांगून टाकलं, 'भाभी, ही मोटर फक्त ह्यालाच जमते हां. आम्ही तर हात पण नाही लावत.'

ती काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. ऑडिटवाली माणसं अशी बघतात, पान उलटायच्या आधी.

सहाच्या आसपास वारा पडला. हे नेहमीचंच. दिवसाचा खारा वारा संपतो आणि रात्रीचे मतलई वारे अजून यायचे असतात, मधे नुसती पोकळी. पण पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे मोठी भरती आणि तेवढीच मोठी ओहोटी. आम्ही कुलाब्याच्या बाजूला होतो आणि ओहोटी आम्हाला गुपचूप दक्षिणेला, बाहेरच्या समुद्राकडे ओढत होती. प्राँग्ज दीपगृह मगाचपेक्षा मोठं दिसायला लागलं. एका बाजूला तो खडक, दुसऱ्या बाजूला मोठ्या जहाजांचा चॅनेल. नांगर टाकता आला असता, पण चॅनेलच्या कडेला अंधार पडताना नांगर टाकून बसणं म्हणजे एक्स्प्रेस-वेवर खुर्ची टाकून पेपर वाचणं.

'मोटर टाक ना,' बावा म्हणाला.

त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, 'तू टाक, माझी पाठ गेली आहे.' सहा शब्द. पण बायको बघत होती, आणि का कोण जाणे, मला तेव्हाच सिद्ध करायचं होतं की मला काही झालेलं नाही. मी मागे जाऊन वाकलो. खटका मिठाने जाम झालेला. हिसका दिला, नाही सुटला. दुसरा दिला तेव्हा तो एकदम सुटला आणि सगळं वजन उजव्या हातावर आलं. कमरेत काहीतरी कट्ट झालं. ब्रॅकेट धाडकन खाली आदळलं आणि मी रेलिंगवर तसाच घडी घालून राहिलो. आवाजसुद्धा फुटेना. डाव्या पायात वीज गेल्यासारखं वाटत होतं.

मोटर खाली गेली होती, पण तिरपीच. पंखा हवेत.

बायको पुढे आली. मला धरून कॉकपिटच्या तळाशी आडवं केलं आणि एवढंच म्हणाली, 'आता सांग. एकेक. खोटं नको.'

मी आडव्यानेच सांगत गेलो. मोटर आधी किंचित वर उचल, बाजूची कळ ओढ, आता सावकाश खाली सोड. पंखा पाण्यात गेला का बघ, कोरडी चालवली तर आतला पाण्याचा पंप जळतो. लाल दोरी मनगटात अडकव, तू पडलीस तर इंजिन आपोआप बंद व्हायला हवं. गिअर न्यूट्रल. चोक बाहेर. आता दोरी ओढ. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्या हिसक्याला मोटर खोकली आणि चालू झाली. मागून पाण्याची बारीक पिचकारी उडतेय का, विचारलं. उडत होती. बावाने बोट गेटवेकडे वळवली.

दोन-तीन मिनिटांत मोटर फुस्स.

ते माझंच पाप. टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला की आत पोकळी होते आणि पेट्रोल येणं थांबतं. तो सैल करायचं सांगायलाच मी विसरलो होतो. तेवढ्यात आम्ही पुन्हा मागे वाहायला लागलो, आणि चॅनेलमधून एक कंटेनरवालं जहाज असं सरकत गेलं की त्याच्या रंगाचे पोपडे दिसावेत. मी खालून ओरडलो, 'झाकण! झाकणावरचा स्क्रू!' तिने तो फिरवला, दोरी ओढली आणि यावेळी मोटर थेट मुरिंगपर्यंत चालली. टॅक्सीत ती माझ्या शेजारी बसली होती आणि कुलाबा ते दादर आम्ही एक शब्द बोललो नाही. पुढचे चार दिवसही फारसं नाही. पाठीचं दुखणं त्यापुढे बरं वाटलं. 'तू उचललीस याचा राग नाही,' पाचव्या दिवशी ती म्हणाली. 'मी दर शनिवारी विचारत होते, आणि तू दर शनिवारी सांगत होतास.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आमच्या बोटीवर लक्ष ठेवणारे एक कोळी काका आहेत, साठीच्या पुढचे. आम्ही त्यांना नाखवा म्हणतो. त्यांना सगळं सांगितलं तर ते आधी खदाखदा हसले. मग खिशातून दोन कप्प्या काढल्या, मागच्या रेलिंगच्या भक्कम जोडापासून मोटरच्या कडीपर्यंत चार पदरी दोरी ओवली आणि म्हणाले, 'जोर लावायचा नाय सायेब, दोरी लावायची.' 26 किलोचे हाताला सात-आठ किलो झाले. आम्ही नवी स्प्रिंगही बसवली. एवढ्याशा खर्चासाठी मी तीन महिने पट्टा बांधून फिरत होतो.

ती दोरी आता बायको ओढते. तिने एक कागद लिहून काढलाय, वर घेताना आणि खाली सोडताना काय-काय करायचं त्याचा. बावाने तो लॅमिनेट करून कॉकपिटच्या झाकणाला आतून चिकटवला. 'हवेचा स्क्रू'खाली दोन रेघा आहेत. शेवटची ओळ लाल पेनने लिहिलेली आहे: पाठवाला माणूस सुकाणूवर.