कट-ऑफच्या आधीचे गणित

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडसाठी भारतीय संघ निवडण्याची प्रक्रिया अनेक टप्प्यांची असून, तिच्या पहिल्या टप्प्याची परीक्षा ‘आयओक्यूएम’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या वतीने चालणाऱ्या या कार्यक्रमाची धुरा मुंबईत मानखुर्द येथे असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. या पहिल्या परीक्षेत तीन तासांत 30 प्रश्न सोडवायचे असतात. पहिल्या दहा प्रश्नांना प्रत्येकी 2, पुढच्या दहांना 3 आणि शेवटच्या दहांना 5 अशी 100 गुणांची विभागणी असते, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 00 ते 99 यांपैकी एक पूर्णांक असल्यामुळे विद्यार्थ्याने केवळ ‘ओएमआर’वर, म्हणजे यंत्राने वाचल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर, दोन अंकांची वर्तुळे काळी करायची असतात. पुढचा टप्पा प्रादेशिक ऑलिंपियाडचा, म्हणजे ‘आरएमओ’चा, त्यात सहाच प्रश्न असतात, मात्र प्रत्येकाची सिद्धता पायरीपायरीने लिहावी लागते. पहिल्या परीक्षेत उत्तर सांगणे पुरते, दुसरीत ते उत्तर खरे का आहे हे पटवून द्यावे लागते, आणि या दोहोंमधील अंतर परीक्षागृहाबाहेर सुरू होणाऱ्या चर्चेत जितके स्पष्ट दिसते तितके ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत दिसत नाही.

2024 साली ही परीक्षा रविवारी, 8 सप्टेंबरला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी झाली. शाळेत गणित शिकवणारी प्रस्तुत लेखिका त्या दिवशी आपल्या काही विद्यार्थ्यांसोबत कोल्हापुरातील एका केंद्राबाहेर थांबली होती. घरात गणपती बसलेला असताना मुलांना परीक्षेला आणावे लागल्याबद्दलची कुरकुर पालकांच्या बोलण्यात होती आणि गडहिंग्लज, गारगोटीकडून आलेल्यांना परतीच्या एस.टी.ची चिंता होती. मुले बाहेर आली ती मात्र यातल्या कशाचीही दखल न घेता, कंपासपेटी आणि प्रवेशपत्र हातातच धरून, थेट वादाला भिडली. “तुझं किती आलं?” हा त्या वादाचा पहिला प्रश्न असला तरी तेथे ‘किती’ म्हणजे गुण नव्हते, एखाद्या विशिष्ट प्रश्नाचे उत्तर होते, आणि उत्तरे जुळली नाहीत की लगेच “कसं काय?” असा दुसरा प्रश्न येत होता. या दुसऱ्या प्रश्नासाठीच ही चर्चा मोलाची मानली पाहिजे.

तिचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका भूमितीच्या व एका संख्यासिद्धांताच्या प्रश्नावरून दोन गट पडल्यावर आठवी-नववीतल्या मुलांना मुद्दा कळावा म्हणून एका मुलीने सरावाच्या वहीतला त्याच जातकुळीचा, पण सोपा प्रश्न पुढे केला : 1 ते 100 यांपैकी किती संख्या दोन पूर्णांकांच्या वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येतात? कोणतीही विषम संख्या दोन लगतच्या संख्यांच्या वर्गांमधील फरक असते, उदाहरणार्थ 7 म्हणजे 16 वजा 9. चारच्या पटीतील कोणतीही संख्या दोनच्या अंतरावरील दोन संख्यांच्या वर्गांमधील फरक असते, उदाहरणार्थ 12 म्हणजे 16 वजा 4. आणि कोणत्याही वर्गाला चारने भागले असता बाकी 0 किंवा 1 एवढीच उरत असल्यामुळे ज्या संख्येची बाकी 2 उरते ती अशा वजाबाकीतून कधीच मिळू शकत नाही. अशा अप्राप्य संख्या 2, 6, 10 अशा 98 पर्यंत 25 आहेत, म्हणून उत्तर 75. येथवर सगळ्यांचे एकमत झाले. त्यानंतर कडेला उभ्या असलेल्या, एरवी न बोलणाऱ्या एका मुलाने विचारले की, प्रश्नात ‘पूर्णांक’ऐवजी ‘धन पूर्णांक’ असते तर? मग 1 आणि 4 या दोन संख्या बाद होतात, कारण त्या दोन्ही फक्त शून्याचा वर्ग वजा करूनच मिळतात, आणि उत्तर 73 होते. ज्या विद्यार्थ्याने सगळी कारणमीमांसा अचूक केली पण प्रश्नातील एक शब्द घाईत वाचला, त्याचे 73 हे उत्तर यंत्राच्या लेखी निव्वळ चूक ठरते. आणि ज्याने पहिल्या वीस संख्या तपासून, चारपैकी तीन जमतात असे पाहून, सिद्धतेचा विचारही न करता 75 ची वर्तुळे काळी केली, त्याला पूर्ण गुण मिळतात. हजारोंच्या उत्तरपत्रिका तपासायच्या तर यंत्राला पर्याय नाही हे मान्यच केले पाहिजे. म्हणूनच ‘कसे’ या प्रश्नाचा न्याय परीक्षेनंतरच्या बोलण्यातच व्हावा लागतो, कारण या टप्प्यावर तो दुसरीकडे कोठेही होत नाही.

असे बोलणे कोल्हापुरासारख्या शहरात सहज घडते असे समजण्याचे कारण नाही. जिल्ह्यातील प्राथमिक शाळांना शिष्यवृत्ती परीक्षेची जुनी आणि कडक शिस्त आहे, राजारामपुरीच्या गल्ल्यांत प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांना तोटा नाही. परंतु एका शाळेत ऑलिंपियाडचा नाद असलेली मुले बहुधा एक किंवा दोनच असतात, आणि आपल्यासारखाच विचार करणारा कोणी दुसऱ्या शाळेत आहे हे त्यांना अनेकदा त्या केंद्राच्या फाटकाशीच प्रथम समजते.

सायंकाळच्या सुमारास पालकांच्या फोनवर निरनिराळ्या खासगी शिकवण्यांनी तयार केलेल्या उत्तरसूच्या येऊ लागल्या आणि चर्चेचा पोत बदलला. या सूच्या अधिकृत नसतात. अधिकृत उत्तरसूची आयोजकांकडून पुढे जाहीर होते. खासगी सूच्यांमध्ये एकदोन उत्तरांबाबत परस्परांत मतभेद होते, आणि नेमक्या त्याच प्रश्नांवर दुपारी सर्वांत रंगलेला वाद झाला होता. तरीही तो पुन्हा उघडण्याऐवजी मुलांनी जी सूची आपल्याला अधिक गुण देते ती खरी मानली. त्यापाठोपाठ ‘एक्स्पेक्टेड कट-ऑफ’, म्हणजे निवडीच्या किमान गुणांचा अंदाज, येऊन पोहोचला आणि मग ‘सेफ’, ‘बॉर्डरवर’ आणि ‘गेलं’ या तीन वर्गांत सगळ्यांची वाटणी झाली. “किती सुटले?” या प्रश्नातून काही निष्पन्न होत नाही हेही कोणाच्या ध्यानात आले नाही : बारा प्रश्न बरोबर आलेल्या विद्यार्थ्याला, ते कोणत्या विभागातील आहेत त्यानुसार, 26 पासून 56 पर्यंत कितीही गुण असू शकतात.

कट-ऑफ ही उत्तीर्ण होण्याची आधी ठरवलेली रेषा नसते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक प्रादेशिक विभागातून ठरावीक प्रमाणात विद्यार्थी पुढे घ्यायचे असतात; गुणांच्या उतरत्या क्रमाने निवड करत गेल्यावर शेवटच्या निवडलेल्या विद्यार्थ्याचे जे गुण असतील तीच ती रेषा. इयत्तेनुसार तिच्यात फरक पडतो, मुलींच्या निवडीसाठी स्वतंत्र तरतूद असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्येही तत्त्व हेच असते : स्पर्धकांपैकी सुमारे निम्म्यांना पदके आणि सुवर्ण, रौप्य व कांस्य यांचे प्रमाण साधारण 1 : 2 : 3, त्यामुळे 42 पैकी सुवर्णपदकासाठी 2024 साली 29 गुण पुरेसे झाले आणि 2025 साली 35 लागले. म्हणजे कट-ऑफचा अंदाज बांधणारा विद्यार्थी वस्तुतः स्वतःच्या नव्हे, इतरांच्या उत्तरपत्रिकांविषयी बोलत असतो. महाराष्ट्र व गोवा मिळून एक विभाग असल्यामुळे कोल्हापूरच्या मुलाची तुलना मुंबई-पुण्याच्या मुलांशी होते, तर अवघ्या तासाभराच्या अंतरावरील निपाणीच्या शाळेतला, तीच प्रश्नपत्रिका सोडवणारा आणि घरी मराठीच बोलणारा मुलगा कर्नाटक विभागात मोजला जातो. त्या संध्याकाळी याच मुद्द्यावर, “शाळा निपाणीत घ्यायला पायजे हुती,” असा एक शेरा ऐकू आला. तो विनोद होता, पण त्यामागे पालकांचा हिशेब नव्हता असे म्हणता येणार नाही.

गणितातील क्रमांकाची ओढ मराठी समाजाला नवी नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्याला ‘रँग्लर’ म्हणत, आणि 1899 साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्यांच्या यादीत अग्रस्थानी आल्यापासून ही पदवी मराठीत नावाआधी लावण्याचा प्रघातच पडला. प्रत्यक्ष केंब्रिजमध्ये मात्र ही क्रमवार यादी जाहीर करणे 1909 नंतर बंद झाले, कारण क्रमांकासाठीच्या तयारीने गणिताचे नुकसान होते असे जी. एच. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांना वाटत होते. मूळ घरी टाकून दिलेली वस्तू आपण आदराने जपली असे यावर म्हणता येईल.

कोल्हापूरच्या संदर्भात याहून बोलके उदाहरण जयंत नारळीकर यांचे आहे. त्यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी याच शहरात झाला, बालपण मात्र वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्याने बनारसला गेले. तेथे शिक्षणासाठी येऊन राहिलेले त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातील फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादा गणिती प्रश्न लिहून ठेवत, आणि तो सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे, असे नारळीकरांनी स्वतः नमूद केले आहे. या व्यवस्थेत उत्तरसूची नव्हती, मुदत नव्हती, आणि किती गुणांना निवड होईल हा प्रश्न उद्भवतच नव्हता. पुढे केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्ये हाच भाचा अग्रस्थानी आला, हे खरे असले तरी फळ्याचे मोल त्यावरून ठरवणे योग्य होणार नाही.

यावरून कट-ऑफची चर्चा थांबवावी असा निष्कर्ष निघत नाही. थांबवू म्हटले तरी ती थांबणार नाही, आणि पुढच्या टप्प्याची तयारी करायची की नाही हे ठरवण्यासाठी तिचा उपयोगही आहे. त्या वर्षी आरएमओ 3 नोव्हेंबरला होती, म्हणजे मध्ये जेमतेम आठ आठवडे, आणि त्यांतलाही काही काळ निकालाच्या प्रतीक्षेत गेला. दुपारी ‘धन पूर्णांक असते तर?’ असे विचारणारा मुलगा सायंकाळी ‘गेलं’ या वर्गात जाऊन बसला होता आणि त्यानंतर त्याने तोंड उघडले नाही. सिद्धता लिहायला लावणाऱ्या परीक्षेसाठी त्याच्यापेक्षा अधिक योग्य विद्यार्थी त्या घोळक्यात क्वचितच असेल.

ज्या शाळा-महाविद्यालयांत या परीक्षेची केंद्रे असतात त्यांनी पेपर संपल्यावर एक वर्ग आणि एक फळा आणखी दोन तास मुलांसाठी उघडा ठेवावा, शिक्षकांनी तेथे उत्तरे न सांगता फक्त बसावे, आणि पालकांनी तेवढा वेळ फोन खिशात राहू द्यावा.