पाण्याचा तळ दिसेना

मी मूळचा माणदेशातला. घरची जमीन कोरडवाहू, तीही वाटण्यांत तुकडे झालेली. म्हणून मुंबई गाठली आणि शहरातली बस चालवायला लागलो. आता निवृत्त होऊन गावी चार शेळ्या राखतो. नातवंडं विचारतात, "आजोबा, एवढी मोठी दोन मजली गाडी तुम्ही कशी हाकत होता? मजा येत असेल!"

मजा कसली! पहिली गाडी काढायची तर पहाटे तीनला उठायचं. इंजिन बसायच्या जागेला लागूनच, उन्हाळ्यात अंगाची एक बाजू भाजून निघे. दिवसभर क्लच दाबून डावा गुडघा गेला, तो आजही पायरी चढताना ओरडतो. पाणी बेतानंच प्यायचं, कारण मध्येच कुठं उतरणार? कंडक्टरनं एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. सुगीत कारभारीण रानात एकटी राबायची आणि मी इकडं सिग्नलला उभा.

पण सांगायचं आहे ते 26 जुलै 2005 चं. दुपारी कुर्ल्याहून सांताक्रूझला निघालो होतो. पाऊस असा की काचेवरचा वायपर असून नसल्यासारखा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे मागाहून कळलं. आमच्याकडं दोन वर्षं मिळून जवळपास तेवढा पडतो! मिठी नदी फुगून बाहेर आली होती, पण गाडीत बसलेल्या आम्हाला ते कुठं ठाऊक?

कलिन्याच्या अलीकडं रस्ताच दिसेना. पुढं दोन मोटारी पाण्यात बंद पडलेल्या. जरा उंचवटा होता तिथं मी गाडी उभी केली. लगेच ओरडा सुरू झाला, "अहो ड्रायव्हर, एवढी उंच गाडी, घाला की पाण्यात!"

आमचे वडील ओढ्याला पूर आला की गाडी काठालाच सोडायचे. म्हणायचे, तळ दिसत नसेल तर बैल घालू नये. तेच डोक्यात होतं. मी जागचा हललो नाही.

एक तरुण पुढं आला. खांद्याला निळी पिशवी. म्हणाला, "मामा, बायकोचे दिवस भरलेत. मला जायलाच पाहिजे." मी म्हणालो, "बाबा रे, एखाद्या गटाराचं झाकण उघडं असलं तर?" त्याची बाही धरली होती मी. पण तो हात जोडायला लागला, आणि मी बाही सोडली. तो आणि आणखी चार-पाच जण एकमेकांचे हात धरून उतरले. थोड्या अंतरावर पावसात दिसेनासे झाले.

पाणी वाढत पायऱ्या चढून आत आलं. दोन्ही कंडक्टरांनी सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं. शाळेच्या पोरी होत्या, तान्ही पोरं होती. एका आजीच्या पिशवीत पावाची लादी निघाली, ती पोरांत वाटली. वीज गेलेली, फोन लागेना. रात्रभर मी जिन्यावर बसून पाणी कितव्या पायरीला आलं ते हातानं चाचपत होतो. पहाटे उतार पडला आणि सगळी माणसं धडधाकट खाली उतरली.

डेपोत पाठ थोपटली गेली. पण त्या पावसात मुंबईत शेकड्यांनी माणसं दगावली होती, आणि त्या पोराचं मी नावही विचारलं नव्हतं. पुढं कित्येक वर्षं त्याच रस्त्यावर गाडी चालवली. प्रत्येक थांब्यावर आधी नजर निळी पिशवी शोधायची.

15 सप्टेंबर 2023 ला मुंबईतली शेवटची डिझेलची डबलडेकर बंद झाली. ती फुलांनी सजवलेली गाडी टीव्हीवर दाखवत होते. कारभारीण म्हणाली, "अहो, तुमची गाडी बघा!" मी भोवतालच्या गर्दीतले चेहरे बघत होतो. त्याचं लेकरू तेव्हा अठरा वर्षांचं झालं असेल.