फरशीखालचे गिरगाव

जुने घर बघायला गेलेला माणूस भिंती बघतो, खिडक्या मोजतो, नळाला पाणी किती वाजता येते ते विचारतो. जमिनीकडे मात्र तो बघत नाही. आणि खरे सांगायचे तर माणसाचा घराशी सर्वांत जास्त संबंध येतो तो जमिनीशीच. भिंतीला आपण दिवसातून एखाद्या वेळी टेकतो; जमिनीवर जन्मभर वावरतो.

कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तिकडे ‘जमीन करणे’ असा एक स्वतंत्र वाक्प्रचारच आहे. पावसाळा सरला की खळ्यातली आणि पडवीतली उखडलेली भुई खणायची, पाणी घालून भिजवायची, हाताने सारखी करायची, चोपण्याने चोपचोप चोपायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. या कामाला गवंडी बोलवीत नसत. घरची माणसे, शेजारची दोन माणसे आणि एक चोपणे एवढ्यावर दिवाळीच्या आत जमीन तयार होई. हीच माणसे पोटामागे मुंबईला आली आणि गिरगावात बिऱ्हाडे थाटून बसली. येताना त्यांनी गणपती आणले, आंब्याच्या पेट्या आणल्या, भांडणेही आणली. पण जमीन करायची विद्या तेवढी गावी राहिली. शब्दसुद्धा बदलला. ‘भुई’ हा आपल्या ‘भूमी’चा लेक, ‘फरशी’ ही फारसीच्या वाटेने आलेल्या ‘फर्श’ची मुलगी. फर्श म्हणजे अंथरलेली वस्तू. भुई करतात, फरशी अंथरतात, इतका सरळ हा भेद आहे.

गिरगाव आता पूर्वीचे राहिलेले नाही, असे म्हणण्याची प्रथा गिरगावाइतकीच जुनी आहे. तरी फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, मुगभाट ही नावे उच्चारली की जुन्या माणसाच्या नाकाशी अजून कच्छी दाबेलीऐवजी थालीपिठाचा वास येतो. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो इथेच. आता वाड्यांच्या डोक्यावर चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे आले आहेत आणि २०२५ सालापासून पायाखालून भुयारी मेट्रोही धावू लागली आहे. या दोहोंच्या मध्ये जे तीनमजली, लाकडी कठड्यांचे, उतरत्या कौलांचे गिरगाव तग धरून आहे, त्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची ही हकीकत.

इमारत १९२८ सालची. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची म्हणून सरकारदरबारी ती ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त इमारत. १९६९ च्या कायद्याने अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले, तेव्हापासून भाडेकरू उपकर भरीत आणि वाट बघत आले आहेत. अलीकडे वाट बघण्याचा विषय बदलला आहे. जिन्यात दोन माणसे भेटली की बोलणे ‘३३(७)’ वर येते. म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याच्या नियमावर. त्यामुळे आम्ही जमीन उकरायला काढली तेव्हा सगळ्या वाडीने एकच प्रश्न केला, “अहो, उद्या बिल्डिंग पडणार. फरशीवर कसला खर्च करता?”

प्रश्न बिनतोड होता. पण हा ‘उद्या’ गेली अठरा वर्षे रोज उद्याच उजाडत होता, आणि आजच्या तारखेला आमची आई मधल्या खोलीत दोनदा ठेचकाळली होती. फरशी मध्यभागी बसली होती. चालताना खालून खडखड ऐकू येई. कॉलेजला मे महिन्याची सुट्टी लागली होती. एका जाणत्या अभियंत्याला बोलावून आधी सारे दाखवले. ते गुडघ्यावर बसले, किल्लीच्या टोकाने चार ठिकाणी टकटक केली आणि म्हणाले, “यावर आणखी एक फरशी बसवू नका. आहेत त्या काढा. हलक्या हाताने, मशीन न लावता.”

जुन्या घरात फरशी बदलण्याची सोपी पद्धत म्हणजे जुनीवर नवी चढवणे. धूळ नाही, ढिगारा नाही, दोन दिवसांत काम खलास. आमच्याही घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच झाले होते. पण हिशेब करून बघा. सिमेंट-रेतीच्या एक घनमीटर थराचे वजन सुमारे दोन हजार किलो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत एक इंच जाडीचा थर दिला तर तो साडेपाचशे किलोंच्या घरात जातो. आमच्या खोलीत मूळ जमिनीवर चार इंच चढले होते. म्हणजे सव्वादोन टन! सिमेंटच्या स्लॅबला एक वेळ हे चालेल. पण आमच्या इमारतीत सागवानी तुळया, त्यांवर कडीपाट, आणि त्यावर चुन्याचा कोबा. लाकूड मुके असते. ते तक्रार करीत नाही, नुसते वाकते.

आणि हे वजन होते कोणाच्या डोक्यावर? आमच्या नव्हेच. कोकणातल्या भुईखाली पृथ्वी असते. गिरगावातल्या जमिनीखाली पहिल्या मजल्यावरच्या काकू असतात.

या काकूंचा आणि आमचा संबंध जिव्हाळ्याचा, फक्त पावसाळ्याचे चार महिने सोडून. त्यांच्या छताला आमच्या मोरीखाली ओल येई. त्या म्हणत, तुमची मोरी गळते. आई म्हणे, आमची मोरी खडखडीत कोरडी, तुमच्याच भिंतीतून पाणी येते. दोघीही खरे बोलत होत्या. त्यामुळेच ते भांडण तीस वर्षे मिटले नाही.

मग एका सोमवारी सकाळी छिन्नी-हातोडी, घमेले आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणी घेऊन आम्ही नवरा-बायको आणि दोन मुले कामाला बसलो. वाडीतच राहणारे एक निवृत्त मिस्त्री देखरेखीला आले. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली, “सर, मी खुर्चीवर बसणार. हात तुमचे, डोळे माझे.”

सर्वांत वर होत्या दोन बाय दोन फुटांच्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरश्या. गुजरातेत मोरबीला अशा फरश्यांचे कारखानेच कारखाने आहेत, आणि गेल्या पंचवीस वर्षांत मुंबईतले बहुतेक मध्यमवर्गीय पाय त्यांवरून घसरलेले आहेत. त्या तुकड्या-तुकड्यांनीच निघाल्या. त्यांच्याखाली वडिलांनी १९७२ साली बसवलेल्या मोझेकच्या फरश्या. सिमेंटात संगमरवराची खडी घालून केलेल्या, बसवल्यावर मशीनने घासून गुळगुळीत केलेल्या. ज्यांचे बालपण त्या काळात गेले त्यांना ते घासण्याचे मशीन, घरभर झालेला पांढरट राडा आणि शेवटी मारलेले ऑक्सॅलिकचे पॉलिश आठवत असेल. मोझेक म्हणजे त्या वेळची ऐपत होती. एखाद्याकडे ‘मोझेक टाकले’ म्हणजे त्याचा मुलगा बँकेत लागला असे खुशाल समजावे!

आणि त्याखाली, रेतीच्या पातळ थराच्या आड, आजोबांच्या वेळची जमीन निघाली. आठ इंची चौकोनी फरश्या. तांबडा, काळा आणि फिकट पिवळा रंग. चार फरश्या एकत्र आल्या की मधोमध एक फूल पुरे होई. माझी आई लग्न होऊन या घरात आली ती या फुलांवर. पंचावन्न वर्षांनी तिने ती बघितली आणि हातातले काम टाकून खाली बसली. “या इथे मी भाजी निवडत असे,” एवढेच म्हणाली.

या सिमेंटच्या फरश्यांचा इतिहास मोठा अभिमानाचा आहे. त्याआधी रंगीत फरशी म्हणजे विलायतेची. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अजून पायाखाली दिसते ती मिंटनची. गिरगावातल्या कारकुनाला ती परवडणार कशी? १९१४ साली पोरबंदरला सिमेंट होऊ लागले, आणि १९२२ साली पिरोजशा सिधवा व रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या ध्येयाने ‘भारत टाइल्स’चा कारखाना काढला. ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. लोखंडी चौकटीत नक्षीची पत्र्याची जाळी ठेवतात, तिच्या खणाखणांतून रंगवलेले पातळ सिमेंट हाताने ओततात, जाळी अलगद उचलतात, वर सिमेंट-रेतीचे कोरडे मिश्रण पसरतात आणि मोठ्या दाबाखाली दाबतात. नंतर पाण्यात मुरवली की फरशी तयार. रंग वरवर फासलेला नसून काही मिलिमीटर जाड असतो. म्हणून तीन पिढ्यांच्या टाचांनी झिजूनही फूल फूलच राहते.

स्वयंपाकघरात मात्र अशी चैन नव्हती. तिथे निघाली शहाबादी. गुलबर्ग्याजवळच्या शहाबादचा हा करड्या रंगाचा चुनखडी दगड. आपल्या थरांतच फुटतो, म्हणून लाद्या सहज निघतात. १८७१ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूरवरून रायचुरापर्यंत पोहोचला. त्याच वाटेवर शहाबाद आहे. तेथून हा दगड जो मुंबईला आला तो चाळींच्या जिन्यांत, गॅलऱ्यांत आणि मोऱ्यांत कायमचा राहिला.

खरा उलगडा मोरीपाशी झाला. मूळ मोरीचा कठडा जमिनीपासून चांगला पाच इंच उंच होता. जमीन चार इंच वर आली आणि कठडा एका इंचावर राहिला. सांडलेले पाणी कठड्यावरून येऊन भिंतीच्या कडेने फरश्यांखाली उतरत होते. वरची फरशी अशी घट्ट, की आमच्या बाजूला थेंब दिसू नये. खाली जुना चुना स्पंजासारखा ते पाणी धरून ठेवी आणि पावसाळी हवेत काकूंच्या छतावर सोडी. वर वाळायला वाट नाही म्हणून तुळईचे भिंतीत घुसलेले टोक कुजले होते. मिस्त्रींनी त्यात स्क्रू ड्रायव्हर घातला, तो लोण्यात जावा तसा तीन इंच आत गेला.

त्या संध्याकाळी मी काकूंना वर बोलावले. त्यांनी तुळई पाहिली, आईकडे पाहिले. आई म्हणाली, “माझी मोरी गळत नव्हती हो.” काकू म्हणाल्या, “आणि माझी भिंतही नाही.” मग दोघी चहा प्यायल्या.

तुळईचे काम काही आपल्या हाताने करायचे नव्हे. ते अभियंत्याच्या सांगण्याप्रमाणे सुताराने केले. कुजका भाग काढून नवे सागवान बाजूने जोडले, आरपार बोल्ट घातले. त्यासाठी अकरा दिवस काकूंच्या खोलीच्या ऐन मध्यावर लोखंडी टेकू उभे होते. काकूंनी पहिल्या दिवशी टेकूला हळदकुंकू वाहिले, दुसऱ्या दिवसापासून त्यावर पंचांग टांगले.

वरचे काम आमचे. खोलीला आठ इंची फरश्या २७० लागतात. त्यांतल्या १९१ धड निघाल्या. एकेक उताणी करून पाठीचा चुना खरवडायचा, पाण्यात भिजवायची, पुसायची. फुले कशी जुळतात याचा नकाशा हिने आलेखाच्या कागदावर काढला. कपाटाखाली आणि भिंतींच्या कडेने साध्या तांबड्या फरश्या आणून भरल्या. कोबा चुन्यानेच दुरुस्त केला आणि फरश्याही चुना-रेतीवर बसवल्या. मिस्त्री म्हणाले, लाकूड हलते, त्याच्याबरोबर चुना थोडा हलतो. सिमेंट हलत नाही, ते तडकते. मोरीकडे ढाळ दिला, लाइनदोरी बांधली, आणि मी पहिली फरशी ठेवून उत्साहाने हातोडी उचलली.

“सर,” मिस्त्री खुर्चीतून म्हणाले, “फरशी ठोकायची नसते. बसवायची असते. मुलाला बसवतो तशी.”

वीस दिवस लागले. गुडघे सुजले, तळहातांना चुना खाल्ला, पण जूनच्या पहिल्या सरीआधी जमीन झाली. ‘फरशी झाली’ असे म्हणवत नाही. चोपणे नव्हते एवढेच, बाकी ती जमीन करणेच होते.

इमारत पडायची ती कधीतरी पडेलच. मनोऱ्याचा विरोधक मी नव्हे; जिने चढून दमलेल्या माणसांना लिफ्ट हवी आणि पावसात छताकडे न बघता झोप यायला हवी. पण चुन्यात बसवलेली फरशी धड उचलता येते. ज्या दिवशी निघायचे त्या दिवशी ही १९१ फुले गोणीत भरून बरोबर नेता येतील. आणि नव्या घराच्या स्लॅबखालीही कोणीतरी राहत असेलच.

हा पावसाळा काकूंच्या छताला ओल आली नाही. परवा जिन्यात भेटल्या. मी विचारले, “काकू, आता काही त्रास?”

“त्रास नाही रे. पण तुमचा चार इंचांचा ढिगारा गेल्यापासून वरचं पाऊल ऐकू येतं. पहाटे पाचला तुझी आई उठते, मोरीपर्यंत जाते, परत येते. सगळं कळतं.”

मी म्हटले, “जाड सतरंजी अंथरतो.”

“नको,” काकू म्हणाल्या. “ऐकू येऊ दे. मीही त्याच वेळेला उठते.”