चांदण्यातला ‘च’

लेक अडीच वर्षांची होती. प्लेग्रुपच्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, ‘घरी तिच्याशी इंग्रजीतच बोला. दोन दोन भाषांनी मूल गोंधळतं.’ आम्ही पुण्यात राहणारी माणसं. भांडण मराठीत, हिशेब मराठीत, स्वप्नंसुद्धा मराठीत. पण त्या संध्याकाळपासून लेकीकडे मान वळली की आमची भाषा बदलायला लागली.

इंग्रजी मला येत होतं. इतकी वर्षं नोकरी त्यातच केली. पण त्या भाषेत मला कुणी न्हाऊमाखू घातलं नव्हतं, टाळूवर तेल थापलं नव्हतं. लेक पडली, गुडघा फुटला, की मी ‘इट्स ओके’ म्हणायचे. ‘उगी उगी’ ओठांपर्यंत यायचं आणि मी ते गिळायचे. ‘उगी’ म्हणताना हात आपोआप पाठीवर जातो. ‘इट्स ओके’ म्हणताना माझा जात नव्हता, मला तो न्यावा लागायचा. रागावण्याचंही तेच. मराठीत मी ‘गधडे’ म्हटलं असतं आणि म्हणता म्हणता तिला जवळ ओढलं असतं. इंग्रजीत मी तिला पूर्ण, शुद्ध वाक्यांत समज द्यायचे आणि ती माझ्याकडे बघत राहायची.

त्या उन्हाळ्यात आई बडोद्याहून आली. तिला मी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, आई, तिच्याशी मराठी नको. तिनं माझं ऐकलं. वाटीत मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार घेऊन ती नातीसमोर बसली, घास पुढे केला आणि म्हणाली, ‘ईट’. परत, ‘ईट’. मला भरवताना याच बाईनं प्रत्येक घासाला एक पाहुणा बोलावला होता. चिऊ यायची, काऊ यायचा, परसातली मनी यायची, माडीवरची काकू यायची. भात संपायचा पण पाहुणे संपायचे नाहीत. त्या सगळ्या गोतावळ्याच्या जागी आता एकच शब्द उरला होता. चौथ्या-पाचव्या घासाला तोही थांबला. ती नुसता हात पुढे करत राहिली. मी दारात उभी राहून ते पाहिलं आणि काही बोलले नाही. ते मला अजून सलतं.

आमचं बडोद्याचं घर दांडिया बाजारात. तिथेच अरविंद निवास आहे. अरविंद घोष बडोदा संस्थानात नोकरीला असताना राहिले ते घर. लहानपणी त्यावरून जाता-येता मला ते फक्त एका योग्याचं घर वाटायचं. लेक झाल्यावर त्यांच्या बालपणाची हकीकत मी पुन्हा वाचली, आई होऊन वाचली. वडील कृष्णधन घोष डॉक्टर, विलायतेत शिकून आलेले. मुलांच्या कानावर बंगाली पडू नये असा त्यांचा निश्चय. पाचव्या वर्षी अरविंदांना दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं, आणि 1879 साली, सातव्या वर्षी, भावांबरोबर मँचेस्टरला. बंगाली त्यांनी शिकायला घेतली ती केंब्रिजमध्ये, आय. सी. एस.च्या अभ्यासातला एक विषय म्हणून. 1893 साली ते बडोद्याला आले, आणि पुढे बंगालीच्या सरावासाठी दीनेंद्रकुमार रॉय हे लेखक त्यांच्याकडे येऊन राहिले. एका बंगाली माणसाला आईची भाषा शिकवायला माणूस आला, आणि तो आमच्या मराठी गायकवाडांच्या गावात!

पुढे अरविंदांनी बंगालीत साप्ताहिक चालवलं हे खरं. पण कविता त्यांनी आयुष्यभर लिहिली ती मुख्यतः इंग्रजीत. ती भाषा त्यांची झाली होती, कारण बालपणच त्यांचं तिच्यात गेलं होतं. त्या वडिलांचा निर्णय मला क्रूर वाटतो, तरी एक मान्य केलं पाहिजे: त्यांनी मुलांना ज्यांची ती भाषा होती त्यांच्यात नेऊन सोडलं. आम्ही लेकीला कुठे सोडलं होतं? आमची भाषा काढून घेतली होती, आणि तिच्या जागी आमच्या ऑफिसातलं इंग्रजी ठेवलं होतं. त्यात ना बडबडगीत होतं, ना लाडाची शिवी.

ती सहा वर्षांची असताना एका रात्री वीज गेली. उकाडा होता, म्हणून गच्चीवर चटई टाकली. मी सहज म्हटलं, ‘चांदणं बघ कसं पडलंय.’ तिनं तो शब्द उचलला, पण ‘चंद्र’मधला च लावून. कागदावर दोन्ही च सारखेच. चंद्रातला च टाळूला लागतो, चांदण्यातला दातांशी येतो. हे शिकवायचा तास कुठल्या शाळेत नसतो. ते जेवताना, झोपताना कानात पडतं. माझ्याच पोटच्या मुलीच्या कानात ते पडलेलं नव्हतं. अंधारात मी तिचं बोट माझ्या ओठांवर ठेवलं आणि पुन्हा म्हटलं, चांदणं. तिला ते फार आवडलं. झोप लागेपर्यंत ती पुटपुटत होती.

नंतर मी जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या 1984 सालच्या प्रयोगाबद्दल वाचलं. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट वेगवेगळे ऐकू येत होते. वर्षाची होईस्तोवर बहुतेकांना ते येईनासे झाले. ते वाचून मी घाबरले. पण माझ्या लेकीभोवती पुणं होतं. जिन्यात, रिक्षात, मंडईत मराठी होतीच. बंद होतं ते आमचंच दार. आणि दोन भाषांनी मूल गोंधळतं, हे मी तरी कसं मानलं? मी स्वतः घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती बोलत वाढले होते.

गच्चीवरच्या त्या रात्रीपासून आम्ही घरात मराठी बोलतो. लेक आता नऊ वर्षांची आहे. ळ तिला अजून जड जातो. एकोणसत्तर म्हटलं की थबकते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत तर हमखास चुकते. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे समोरच्याला धरून बोललं तर आपण, वगळून बोललं तर आम्ही. किती वेळा समजावलं, तरी जिभेवर येईल तो शब्द ती बोलून मोकळी होते.

परवा मी कणीक मळत होते, फोन तिच्या हातात होता. ‘आजी, दिवाळीला आपण बडोद्याला येतोय.’

‘आम्ही’ म्हण, असं सांगायला मी तोंड उघडलं. पलीकडे आई क्षणभर गप्प होती. मग तिचा आवाज आला, ‘हो गं बाई, आपण येतोय.’

मी कणीक मळत राहिले.